कर्ल्याचे घर आणि झांजिबारचा गोल

मी, अलीमियाँ इब्राहिम होडेकर, वय बहात्तर, मूळ राहणार मौजे कर्ला, तालुका रत्नागिरी, हल्ली मुक्काम मुलगा फहद याचे घर, इलेक्ट्रा स्ट्रीट, अबुधाबी, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर शुक्रवारच्या जेवणानंतर स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. उजवा गुडघा नाही, पण या कामाला तो लागत नाही.

धंद्याने मी सेंटर फॉरवर्ड. अबुधाबीत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या स्टोअरमध्ये उमेदीची बरीच वर्षे गेली, पण ती नोकरी झाली. सन १९५२ ते १९६३ मी मोंबासाच्या कोस्ट रोव्हर्स क्लबातून पगार घेऊन फुटबॉल खेळलो. मामांनी नेले होते गोदीत कारकुनी करायला. कर्ल्याच्या पुळणीवर अनवाणी खेळलेला मी, क्लबाने बूट दिले तेव्हा बदकासारखा चालू लागलो. पुढे त्याच बुटांनी घर बांधले.

१. सदर बूट माळ्यावर आहेत. कोणीही ते काचेच्या कपाटात ठेवू नयेत. चामडे सडले आहे, फेकून द्यावेत.

२. सन १९५७ साली झांजिबारला फायनलमध्ये झालेला एकमेव गोल माझा आहे. आमचा लेफ्ट विंगर हमदुल्ला, जो आज माझा शेजारी व या कागदाचा साक्षीदार आहे, तो पंचेचाळीस वर्षे सांगत आला की त्याचा क्रॉस सरळ आत गेला. चेंडूला माझे कपाळ लागले होते. कपाळ माझे असल्यामुळे मला ते ठाऊक आहे. हमदुल्लाला मी माझे मनगटी घड्याळ देतो, गोल देत नाही.

३. आमच्या शरियतप्रमाणे माणसाला मृत्युपत्राने एक तृतीयांशच देता येते. बँकेतल्या शिलकेचा तेवढा भाग कर्ल्याच्या शाळेला द्यावा व त्यातून मैदानावर लोखंडी गोलपोस्ट बसवावेत. आम्ही दोन चपला ठेवून खेळलो आणि गोल झाला की नाही यावर डोकी फोडून घेतली. उरलेले वारसांत हिश्श्याप्रमाणे जाईल, त्यात मी पडत नाही.

४. जिथे मरेन तिथेच दफन करावे. पेटी विमानाने हलवू नये.

५. आता घराचे. कर्ल्याचे चिऱ्याचे घर माझ्या मोंबासाच्या पगारातून उभे राहिले, पण उभे केले माझी पत्नी मरियमबी हिने. मी तिकडे गोल मारत होतो, तेव्हा ती दोन लहान मुले सांभाळून गवंड्याच्या डोक्यावर उभी असे. फुटलेला चिरा तिने एकही बसवू दिला नाही. माझी एकही मॅच तिने पाहिली नाही.

गेल्या महिन्यात जेवताना फहदने विषय काढला. "अब्बा, प्रॅक्टिकल विचार करा. घर बंद पडलंय, गावाकडे हारुनचाचा किती दिवस त्यावर लक्ष ठेवणार? विकू, बिझनेसमध्ये घालू. अम्मी माझ्याकडे राहील. तिचा व्हिसा मी करतोच आहे, खलास."

मरियमबी बांगडा वाढत होती. तिने विचारले, "आणि तुझाच व्हिसा संपला तर?"

फहद हसला. "अम्मी, टेन्शन कशाला घेतेस? इन्शाल्ला, काही होत नाही."

मला हसू आले नाही. फहद वाईट नाही, आईला तो उपाशी ठेवणार नाही. पण त्याची नोकरी कंपनीच्या हाती, आमचा व्हिसा त्याच्या नोकरीवर. मी गेल्यावर बायकोने वयाच्या सत्तरीत लेकाच्या कंपनीच्या मर्जीवर जगावे, या विचाराने माझी झोप जाते.

म्हणून घर तिला द्यावे असे मृत्युपत्र मी आधी टाइप करून आणले. मौलवीसाहेबांनी वाचून परत केले. पत्नी मुळात वारस, आणि वारसाला मृत्युपत्राने दिलेले इतर वारसांनी मान्य केले तरच टिकते. म्हणजे जाळे हलले, पण मी ऑफसाइड होतो. फहद मान्य करील का, हे पाहायला मी नसणार.

उपायही त्यांनीच सांगितला. जिवंतपणी द्यावे, त्याला हिबा म्हणतात. देणाऱ्याने दिले म्हणावे, घेणाऱ्याने कबूल म्हणावे आणि ताबा सोडावा. तरी आज साक्षीदारांसमोर कर्ल्याचे घर मी मरियमबीला दिले. किल्ली व कागद तिच्या हाती ठेवले. यापुढे ते घर माझे नाही, म्हणून या मृत्युपत्रातही नाही. फहदने आणि मुलगी एमानने त्यावर भांडू नये. मी गेल्यावर तिला हक्काचे छप्पर असेल, एवढेच मला पाहिजे होते.

कबुली ती स्वतः खाली लिहील. काय लिहायचे ते मी सांगितलेले नाही. सांगून ती ऐकतही नाही.

ठिकाण: अबुधाबी
दिनांक: ११ ऑक्टोबर २००२
(सही) अलीमियाँ इब्राहिम होडेकर

साक्षीदार:
१) (सही) हमदुल्ला दाऊद साखरकर. समक्ष सही केली. कलम २ खोटे आहे. घड्याळ घेईन.
२) (सही) गुणवंत रामचंद्र पाटणे, शेजारी.

कबुली:
कबूल आहे. किल्ली मिळाली. यांनी हे घर मी विधवा झाल्यावर राहायला दिलेले दिसते. त्या घरात मी एकटी पुष्कळ राहिले. आता तिथे मला यांच्यासोबत राहायचे आहे. फहद, पुढच्या महिन्याची दोन तिकिटे काढ.
(सही) मरियमबी अलीमियाँ होडेकर