सगळे जिने उतरू शकतात का?

स्टुटगार्ट,
रविवार, १९ एप्रिल

तीर्थरूप आईंना,

नमस्कार. कांदा-लसूण चटणी पोचली. मयुरेश ती ब्रेडला लावून खातो आणि मग दिवसभर ऑफिसात कुणाशी जवळून बोलत नाही. गुडघे कसे आहेत? शेक घेता ना?

रोज फोनवर दिसतो आपण, मग हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर ओजस शेजारी असतो. उत्तरं जर्मनमध्ये देत असला तरी मराठी त्याला सगळी कळते. आवाज खाली केला तर जास्तच कळते. इथली माझी मैत्रीण तनया सुट्टीला कोल्हापूरला येते आहे, तिच्याबरोबर पाकीट देते आहे. आत काय आहे हे तिला माहीत नाही. तुम्ही एकट्या असताना वाचा.

इथे उन्हाळ्याचे बेत चालले आहेत. ऱ्हाइनच्या काठी एक मोठं पार्क आहे. पाळणे, होड्या, आगगाड्या, सगळं एका गावाएवढ्या जागेत. ओजसच्या वर्गातली सगळी मुलं जाऊन आली. तिथे नुसतं उठून जाता येत नाही. कुठल्या पाळण्याला किती रांग आहे, आधी कुठे जायचं, जेवायचं कधी, हे ठरवून देणारी अ‍ॅप्स मिळतात. ती बरीच आहेत. त्यातलं कुठलं घ्यायचं हे मयुरेश महिनाभर ठरवतो आहे.

तुमचा मुलगा तुम्हाला माहीत आहे. कंपनीत सुटे भाग कुणाकडून घ्यायचे हे जसं ठरवतात, तसंच त्याने केलं. प्रत्येक अ‍ॅपला गुण दिले. एक फक्त रांगा दाखवतं. एक चालायचं अंतर कमी करून देतं. एक पाऊस आला तर बेत बदलतं. मी म्हटलं, "अरे, पार्कात जायचंय, पार्क विकत नाही घ्यायचं." तो म्हणाला, "एकच दिवस आहे शुभदा, वाया जायला नको."

पण तिकीट काढलं नाही. शेवटपर्यंत आला की म्हणायचा, "हे काही बरोबर नाही," आणि दुसरं उतरवून घ्यायचा.

ओजसला एकच पाळणा हवा आहे. निळा, उंचावरून खाली येणारा. त्याला उंचीची अट आहे. तेवढ्या उंचीवर आम्ही स्वयंपाकघराच्या दाराला निळी पट्टी चिकटवली. ओजस तिच्याखाली जाऊन उभा राहतो. टाचा उचलत नाही, फार प्रामाणिक आहे. गेल्या दिवाळीत तीन बोटं कमी होता. आजही तीन बोटं कमी आहे.

तुम्ही परवा फोनवर म्हणालात, पोराचे गाल भरलेत, जर्मनीचं पाणी मानवलं. मी हसले. आई, ते पाणी नाही. ते औषध आहे. त्याने गाल भरतात आणि उंची थांबते. तरी द्यावं लागतं, कारण त्याने पाय थोडे जास्त दिवस चालतात.

हे असं मधेच लिहून गेले. आता पुढचंही लिहिते.

ओजसला स्नायूंचा आजार आहे. गेल्या सप्टेंबरात कळलं. शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं की हा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवून का उठतो. आम्ही म्हटलं, सवय असेल. मग तपासण्या झाल्या. हा आजार बरा होत नाही. आधी पाय जातात. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी दोनदा सगळं समजावलं. दुसऱ्यांदा मी मराठीत ऐकू येईल म्हणून वाट पाहत बसले होते.

त्याच्या पोटऱ्या. तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा त्यांना तेल चोळताना म्हणाला होतात, थेट आजोबांवर गेलाय, तालमीतल्या पोटऱ्या आहेत. अजूनही फोनवर म्हणता, "पैलवान, पाय दाखव." तो पाय वर करून दाखवतो. त्या पोटऱ्यांत ताकद नाही. या आजारात त्या अशाच मोठ्या दिसतात. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा त्यांच्यावरच बोट ठेवलं. मयुरेशला तुमचं बोलणं आठवलं असणार. तो खिडकीकडे बघत राहिला.

तो तुम्हाला सांगू शकत नाही. दर रविवारी ठरवतो. मग तुम्ही पैलवान म्हणता.

आणखी एक आहे. ते सांगू नकोस, असं त्याने मला बजावलं आहे. माझीही तपासणी झाली. हे माझ्याकडून आलं आहे. आईकडून मुलाला येतं. माझ्या आईचा एक भाऊ लहानपणी चालेनासा झाला आणि मग गेला. आमच्या घरी पोलिओ म्हणत. लग्न ठरताना तुम्ही विचारलं होतंत, घरात कुणाला काही मोठं दुखणं? माझे बाबा नाही म्हणाले. ते खोटं बोलले नव्हते. पण तुम्ही विचारलं होतंत, हे मी विसरू शकत नाही.

काल दुपारी मयुरेश पुन्हा नवं अ‍ॅप उघडून बसला होता. ओजस त्याच्या मांडीवर. माणसं किती, तारीख कुठली, भरून झालं. मग प्रश्न आला: सगळे दिवसभर चालू शकतात का? सगळे जिने उतरू शकतात का? पाळणा मधेच बंद पडला तर वरून जिन्याने उतरावं लागतं, म्हणून विचारतात. मयुरेशचं बोट थांबलं. तेव्हा मला कळलं की महिनाभर तो इथेच थांबत होता. प्रत्येक अ‍ॅप हेच विचारत होतं.

"हे काही बरोबर नाही," तो म्हणाला.

"नाइन," ओजस म्हणाला. नाइन म्हणजे नाही, एवढं तुम्हाला त्याने शिकवलंच आहे. "बाबा, नाइन दाब ना." आणि बोट लांब करून त्याने स्वतःच दाबलं.

मोठे पाळणे एकेक करून राखाडी झाले. निळाही झाला. राहिली छोटी आगगाडी, होड्या, काचेचा महाल. ओजस बघत होता. मी म्हटलं, "सोन्या, उंची वाढली की..." तो जर्मनमध्ये म्हणाला, "आई, हे उंचीमुळे नाहीये." रडला नाही. आम्ही काय करायला हवं होतं, आई? मयुरेश उठून बाल्कनीत गेला. मी चहा ठेवला.

परत आलो तर ओजसने बेत पूर्ण केला होता. होडीत दोघंच बसतात. सोबत कोण, इथे त्याने 'आजी' लिहिलं होतं. मी म्हटलं, आजी दिवाळीत येणार, हे तर जूनमध्ये आहे. गुडघे दुखतात ना तिचे. तो म्हणाला, "म्हणूनच. तिलाही जिने उतरता येत नाहीत."

तिकीट आम्ही आज काढलं. चार माणसांचं.

दिवाळीपर्यंत थांबू नका, एवढंच मागते. जूनमध्ये तो अजून होडीपर्यंत चालत येईल. मला रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा, मी ऐकून घेईन. येताना तेल आणा, चोळायला चालतं, मी विचारलं आहे. पैलवानही म्हणा. आता बंद केलंत तर त्याला कळेल.

तुमची सून म्हणूनच अजून लिहिणारी,
शुभदा