धाकट्याची बाटली

४ मार्च, सोमवार

बाटलीत काहीही जिवंत नाही. तीनदा पाहिलं. काच बदलली, भिंगाचं तेल पुसून पुन्हा घातलं. हजार पेशी मोजल्या — सगळ्या रिकाम्या.

माझी चूक नसावी. तापमान सदतीस होतं, खाद्य वेळेवर बदललं होतं, रक्तही ताजं — शुक्रवारी माझ्याच हातातून काढलेलं. बाकीच्या बाटल्यांना आकडे आहेत. हिच्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या अक्षरात 'धाकटा' एवढंच. मलेरियाचा हा वाण बाईंच्या धाकट्या भावाच्या रक्तातला. भाऊ नवव्या वर्षी गेला. वाण एकेचाळीस वर्षं जिवंत आहे. — होता!

बाईंना उद्या सांगेन.

५ मार्च

बाटली जिवंत आहे.

बाई म्हणाल्या, झोप होत नाही वाटतं तुझी. पण मी मोजलं होतं. हजार.

७ मार्च

पुन्हा मेली. बाईंना सांगितलं. त्या मान न वळवता म्हणाल्या, बरं.

दुपारी तीनला त्यांच्या खोलीला आतून कडी. बाहेर फरशी पुसत होतो. आत टेबल वाजत होतं — बारीक, एकसारखं, तासभर. मग शांत. साडेपाचला बाहेर आल्या. केस घामाने ओले.

९ मार्च

बाटली जिवंत. तीनला पुन्हा कडी, पुन्हा टेबल.

पाच तारखेलाही कडी होती. तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. पाच, सात, नऊ. एक दिवसाआड. हे बाईंनीच शिकवलंय — परजीवी अठ्ठेचाळीस तासांनी रक्तपेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा माणसाला हुडहुडी भरते. (परजीवी — दोन्ही वेलांट्या दीर्घ. कोशात पाहिलं.)

बाईंच्या कोपराच्या आत चिकटपट्टी आहे. तो आता काचेत जगत नाही. बाई बाटली स्वतःतून भरतायत.

११ मार्च

विचारलं. कोपरावरच्या चिकटपट्टीकडे बोट केलं.

बाईंनी लपवलं नाही. वाण महिनाभर कमजोर होत चालला होता. संपायच्या आत त्यांनी तो टोचून घेतला. रोज गोळीचा तुकडा घेतात — तो मरू नये, आपणही मरू नये एवढाच. सगळा जन्म या रोगाच्या रसायनांत घालवलेली बाई, आणि औषध मोजून कमी घेते! आता तुकडाही पुरत नाही. डोळे पिवळे झालेत, जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागते. हिशेबाने तापाच्या अजून तीन पाळ्या, मग मेंदूत जाईल, असं त्यांनीच सांगितलं. परक्या कुणाबद्दल सांगावं तसं.

मी म्हटलं, पूर्ण गोळ्या घ्या ना.

"मग तो जाईल," बाई म्हणाल्या.

मग तपासणीसाठी हात पुढे केला. रक्त मी काढलं. नंतर बराच वेळ हात धुतले.

१२ मार्च

आई सारखी विचारते, नोकरी गेली का रे? दहावी नापास पोराला भिंगापाशी कोण बसू देतं! बाईंनी बसवलं. बाटल्या धुता धुता मोजायला शिकवलं.

सांगावं तर खाल्ल्या मिठाला जागलो नाही असं होईल. न सांगावं तर बाई जातील.

संध्याकाळी बाईंच्या बहिणीकडे गेलो.

१३ मार्च

बहीण आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यात, आवाज अजून वर्गातलाच. मला म्हणाल्या, तू इथंच थांब, साक्षीला. पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"ताई, तो गेला," बहीण म्हणाल्या. "हे त्याला खाणारं आहे. याला जेवू घालतेस?"

"त्याच्यातलं एवढंच उरलंय."

"तो गेला त्या दिवशीही तू आधी त्याचं रक्त काढलंस, मग डॉक्टरांना हाक मारलीस. घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही. आईसुद्धा."

बहिणींनी पाकीट फोडून गोळ्या बाईंच्या हातावर ठेवल्या.

बाईंनी गोळ्या गिळल्या. पाणी मी दिलं.

१६ मार्च

तीन दिवसांचा डोस पुरा. बाईंचं रक्त स्वच्छ. बाटली रिकामी.

२० मार्च

बाई वेळेवर येतात आणि बसून राहतात. जीव वाचला त्यांचा — रोज स्वतःला हेच सांगतो. माझ्याशी बोलतात, पण नजर माझ्या मागच्या भिंतीवर. बाटली धुऊन पालथी घातली. 'धाकटा' काही निघेना. शाई पक्की आहे.

२५ मार्च

एक गोष्ट लिहिली नव्हती. अकरा तारखेला बाईंचं रक्त काढताना सुई माझ्या अंगठ्यात गेली. नोकरी जाईल म्हणून कुणाला सांगितलं नाही, या वहीलासुद्धा.

आज तीनला मला हुडहुडी भरली. मग सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्या रक्ताचा थेंब भिंगाखाली स्वतः पाहिला, खूप वेळ पाहिला. वर बघितलं तेव्हा हसत होत्या.

गोळ्यांचं नवं पाकीट हातातच होतं. फोडलं नाही.

"उद्या देते," म्हणाल्या, आणि माझी बाही वर सारली.