बंद गाडीतला पंखा

आई,

त्या रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "पंडिता, पुस्तक मिट आणि हीटरच्या पंख्याची वायर धरायला चल." मी "आलेच" म्हणाले आणि वाचत राहिले. तासाभराने ते गॅरेजमधल्या जुन्या गाडीतच मरण पावलेले सापडले. तिथून त्यांनी मला हाक मारली असेल तर ती ऐकू आली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आज मीच पंख्याचा बिघाड शोधायला बसले. फ्यूज जळलाय, अर्थिंगची वायर तुटलीय, बॅटरी तर मी काढून बाहेर ठेवली. तरी पंखा फिरतोय आणि इंजिन थंडगार असताना गरम हवा येतेय.

मेकॅनिक आला तर त्याला परत पाठव. तूही गॅरेजमध्ये येऊ नकोस; पंखा बाबाच फिरवताहेत, मला त्यांच्याजवळ एकटीने बसायचंय. मघाशी बाबांच्या शेजारच्या सीटवर बसून मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, तुमची हाक मला ऐकू आली होती."