सूर्यमाळवरचा वाचनाचा वेग

बुधवार, ३ ऑक्टोबर २००७. सकाळी सव्वानऊ. मोखाडा.

वाचनालय झाडून पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसलो होतो. तेवढ्यात आमच्या ग्रंथपाल प्रतिभाताई जव्हारच्या एसटीने आल्या. चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, "धर्मेंद्र, खळीचे हात धू. संस्थेने लॅपटॉप पाठवलाय."

सोबत एक सीडी. तिच्यात तीनशे मराठी पुस्तकं! माझ्या पत्र्याच्या पेटीत साठ मावतात, आणि ती खांद्यावरून पाड्यावर नेली की मान दोन दिवस वळत नाही.

ठाण्याच्या ज्या संस्थेच्या पैशावर आमचं वाचनालय चालतं, तिच्या सचिवांना एक गोष्ट हवी आहे. लोक कागदावर भरभर आणि आरामात वाचतात, की पडद्यावर? पडदा बरा ठरला तर छापील पुस्तकं घेणं बंद. पेटीची फेरीही बंद.

पेटी बंद म्हणजे मी बंद. ताई हे बोलल्या नाहीत. मीच बोललो. त्या म्हणाल्या, "म्हणून तर मोजायचं काम तुला देतेय. तू स्वतःच्या बाजूनेसुद्धा खोटं लिहायचा नाहीस."

नववी नापास माणसाला हे काम. दिवसभर छाती जरा पुढे होती.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

पहिली मोजणी वाचनालयातल्याच माणसांवर. कागदावर दोनशे शब्दांचं एक पान, पडद्यावर तेवढंच दुसरं. ताईंना कागदावर एक मिनिट, पडद्यावर त्याहून थोडं जास्त. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही लिहिलं. लॅपटॉप चालवणारा नीलेश दोन्हीकडे सारखाच. तो कॉलेजात जातो.

मला पडद्यावर फार वेळ लागला. मी ओळीखाली बोट ठेवून वाचतो. नीलेश ओरडला, "अरे काचेवर बोट नको! वाचतोस की भिंत सारवतोस?" बोट काढलं की माझी ओळ हरवते. हेही लिहिलं. लाज वाटली तरी लिहिलं.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

पेटी घेऊन सूर्यमाळच्या पाड्यावर गेलो. आज फक्त कागद. लॅपटॉप पुढच्या खेपेला. नागली अजून कापायची आहे, लोक घरी आहेत. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जाईल, म्हणून घाई.

पान निवडायला मला दोन दिवस लागले होते. शेवटी म्हातारी आणि खेकड्याच्या गोष्टीचं पुस्तक घेतलं. कारण त्यात छपाईची एकही चूक नाही. मी तीनदा तपासलं आहे. चुकीच्या शब्दावर वाचणारा अडखळला तर वेळ त्याच्या नावावर लागायला नको.

पाच जण बसले. सगळे मोठ्याने वाचतात, शाळेत वाचायचे तसे. निकाल बघून माझा विश्वास बसेना. पाचही जण ताईंच्या आसपास!

हौशी सगळ्यांत पुढे. बावीस वर्षांची असेल, दोन पोरांची आई, पाचवीत शाळा सुटलेली. माझ्या पेटीची सगळ्यांत मोठी गिऱ्हाईक. दर फेरीला दोन पुस्तकं नेते, वेळेवर परत आणते, एक पान दुमडलेलं नसतं. समजलं का ते बघायला मी दोन प्रश्न विचारतो. तिने दोन्हीची उत्तरं दिली, वर पुढे खेकडा काय करतो तेही सांगितलं. पुढचं पान तिला दिलंच नव्हतं. इतकी हुशार!

बुधवार, १० ऑक्टोबर

ताईंना आकडे दाखवले. "सूर्यमाळ आमच्या जव्हारच्या पुढे गेलं की रे," म्हणाल्या. रात्री भाकरी दोनदा मागून घेतली.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

नीलेश लॅपटॉप घेऊन आला. जीपमध्ये तो मांडीवर धरून बसला होता, तान्हं मूल असावं तसा.

पडद्यावर सीडीतली नवी गोष्ट. पहिले चौघे रखडत गेले. कागदाच्या तिप्पट वेळ, काहींना त्याहून जास्त. हौशीने पडद्याकडे बघितलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "उजेड डोळ्यात जातो, दादा. माला नको." मी 'डोळ्यांना त्रास' असं लिहिलं. खरं सांगायचं तर मनातून आनंद झाला होता. पेटी जिंकत होती.

मग जिवाआजा पुढे सरकला. सगळ्या पाड्याचा आजा. अंगठा उठवतो. म्हणाला, "माझापन घड्याल लाव."

"आजा, तुला अक्षर येतं का?"

"तू लाव तं."

पोरांच्या हसण्यासाठी मी घड्याळ लावलं. आजाने खेकड्याचं पुस्तक हातात घेतलं, उलटं, आणि सुरू झाला. म्हातारी, ओहोळ, खेकडा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. स्वल्पविरामाला मी थांबतो तिथे तोही थांबला. पान संपलं, तो थांबेना. वेळ ताईंपेक्षा कमी!

सगळा पाडा हसला. नीलेश तर जमिनीवर बसला. मी वहीतले मागचे आकडे काढले.

दोन वर्षं दर फेरीला मी पेटी उघडायच्या आधी एक गोष्ट मोठ्याने वाचतो. लोक तीच मागतात. "खेकड्याची काढ." मी पान निवडलं ते छपाई बघून. ऐकणारे कोण, हे बघितलंच नाही. पाचही जण वाचत नव्हते. माझं वाचन मलाच ऐकवत होते.

बुधवार, १७ ऑक्टोबर

नीलेश म्हणतो, "जुनेच आकडे पाठव ना. तुझ्याच फायद्याचे आहेत." तासभर वही उघडून बसलो. मग ताईंना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली.

"माझ्या आवाजातलं काहीही कुणाला पाठ नाही रे," म्हणाल्या. "मोजणी परत कर."

मोजणी फुकट गेली, तरी घरी जाताना चालीत जोर होता. स्वल्पविरामासकट पाठ!

मंगळवार, २३ ऑक्टोबर

परत सूर्यमाळ. या खेपेला दोन्हीकडे कुणी न ऐकलेली पानं. चौघांना कागदावर थोडा कमी वेळ, पडद्यावर थोडा जास्त. फार फरक नाही. कागद मांडीवर घेता येतो, बोट ठेवता येतं, डोळे दुखत नाहीत. पडद्याची अक्षरं मोठी करता येतात. जसं आहे तसं लिहिलं.

हौशी उशिरा आली. कागदाचं पान हातात धरून बसून राहिली. बाकीचे पांगल्यावर म्हणाली, "माला वाचता नाय येत, दादा. अर्धी अक्षरां इसरली."

"मग दोन वर्षं पुस्तकं नेतेस ती?"

"आमी नाय नेली तं तुझी पेटी येल का? तूच सांगलास ना, खप नाय तं बंद करतील."

सांगितलं होतं. मागच्या उन्हाळ्यात, सहज.

नीलेशने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि अक्षरं मोठी केली, एका ओळीत तीनच शब्द मावतील एवढी. ती बसली. एकेक अक्षर ओठांवर आणून वाचू लागली. बोट काचेला लागलं. या वेळी नीलेश ओरडला नाही. चार ओळी झाल्या आणि बॅटरी संपली. मी घड्याळ लावायला विसरलो होतो.

या सगळ्या मोजणीत इतक्या कष्टाने कुणीच वाचलं नव्हतं.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

अहवाल स्वच्छ अक्षरात उतरवला. हौशीचं नाव घातलं नाही. पण एका वाचक बाईने बरीच पुस्तकं न वाचता नेली, हे घातलं. मोठ्या अक्षरांमुळे पडद्यावर तिने पहिल्यांदा वाचलं, हेही घातलं. पेटीच्या विरुद्ध जातं, हे कळतं. ताईंनी वाचून खाली सही केली. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही म्हणाल्या.

सोमवार, ५ नोव्हेंबर

सचिवांचा फोन. मार्चपर्यंत पाड्यावर पेटीही जाईल आणि महिन्यातून एकदा लॅपटॉपही. मग बघू म्हणाले. ताईंना त्यांनी विचारलं, "हा मुलगा शिकलाय किती?" ताई म्हणाल्या, "पुरेसा."

शनिवार, १७ नोव्हेंबर

सूर्यमाळच्या फाट्यावर हौशी जीपची वाट बघत होती. डोक्यावर गाठोडं, काखेत धाकटा. भिवंडीला भट्टीवर निघाली होती. म्हणाली, "एक पुस्तक दे. तू नाय वाचलास तसा." पेटीतून मोठ्या टाइपाचं दिलं. आमच्याकडे पंधरा दिवसांचा नियम आहे. भट्टीवरची माणसं सणाला होळीलाच घरी येतात, म्हणून परतीच्या रकान्यात मी 'होळी' लिहिलं. जीपमधून ओरडून म्हणाली, "होळीला मी वाचीन. तू आयक."