शालीची मागची बाजू

आई, पुण्याच्या संग्रहालयात तू शाल उलटी करून पाहिलीस, त्या दुपारबद्दल मी तुझ्याशी कधीच बोलले नाही. मला नुकतीच नोकरी लागली होती. चादरीच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या तुला जुनी वस्त्रं दाखवावीत, म्हणून सोलापूरहून मीच हौसेनं नेलं होतं. दोरीच्या पलीकडे लाकडी दांडीवर एक जुनी शाल लावलेली. तू पदराला हात पुसतेस, दोरीवरून वाकतेस आणि शालीचं टोक उलटं करतेस. कारखान्यात तुझं कामच ते. मागावरून उतरलेली चादर उलटी करायची, तळवा फिरवायचा, तुटलेला धागा हुडकायचा. "म्होरनं समदं चांगलंच दिसतंय, मागनं बघ," असं नव्या बायकांना तू सांगायचीस.

"ओ मावशी, हात काढा!" पहारेकरी ओरडला. तू दचकलीस. "न्हाय वो, निस्तं बघतीय. लई निगुतीनं विनलंय की." चार माणसं वळून बघायला लागली, आणि मी त्याला म्हणाले, "माफ करा, गावाकडची बाई आहे, तिला कळत नाही." बाई. माझी आई आहे, हेसुद्धा सांगितलं नाही. तू हळूच विचारलंस, "हात का लावू देत न्हाईत गं?" मी दबक्या आवाजात खेकसले, "नसतो लावायचा. गप चल." पुढच्या तिन्ही दालनांत तू हात पाठीमागे धरून चाललीस. कशासमोरही थांबली नाहीस.

सध्या मी नोकरी करते त्या कॉलेजात आम्ही सोलापूरच्या जुन्या चादरींचं प्रदर्शन मांडतोय. मांडणी शिकवायला आलेल्या बाईंनी आधी हातमोजे दिले. तळव्याचा घाम धाग्यात मुरतो आणि कित्येक वर्षांनी तिथं डाग उमटतो, उजेडानं रंग उडतो म्हणून दिवे मंद ठेवायचे, असं त्या सांगत होत्या. हे तुला सांगितलं असतं, तर रंगीत लुगडं उलटं करून वाळत घालणारी तू लगेच हात मागं घेतला असतास. मग त्यांनी एकच चादर आधी एकटी टांगली, मग दुसरीशेजारी, मग खाली पसरून ठेवली. प्रत्येक वेळी ती निराळी दिसली. प्रदर्शन म्हणजे नुसत्या वस्तू मांडणं नव्हे. माणसानं काय पाहावं, कुठून पाहावं, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं, हे मला या वयात समजतंय. त्या शालीची मागची बाजू दाखवावी, असं तिथल्या कुणाला सुचलं नव्हतं. तुला सुचलं होतं.

संग्रहालयातल्या त्या दुपारनंतर तू तीन वर्षं होतीस. "आईला असलं काही आवडत नाही," असं मी लोकांना सांगत राहिले आणि तुला परत कुठंच नेलं नाही. हा कागद वहीतच राहील. पण तू 'का' विचारलंस ना, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. संग्रहालयात मीही पहिल्यांदाच आले होते.