माझ्या निरोपाला येणारे अठरा

सोमवार, १२.
निवृत्तीला चार दिवस. छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा साहेब म्हणून. आवक-जावकवाल्या बाईही नेमक्या त्याच दिवशी निवृत्त होताहेत. माझ्या दिवसावर सरळ डल्ला. त्यांच्या निरोपाला स्टोअररूम दिली, सभागृह मी घेतलं. वेळ एकच, पाच. होऊन जाऊ दे दुधाचं दूध, पाण्याचं पाणी.
तीसही जणांना सर्व्हे फॉर्म वाटला: कुणाच्या निरोपाला येणार? दोन्हींवर टिक चालेल. नाव लिहिणं सक्तीचं.

मंगळवार, १३.
मला अठरा, बाईंना एकवीस. बेरीज एकोणचाळीस. माणसं तीस! बाईंनी घोटाळा केला, उघड आहे.
मुलगी कॉलेजात गणित शिकवते. म्हणाली, बाबा, दोन्हींवर टिक करणारे दोनदा मोजलेत. एक जण कुठेच येणार नाही, उरले एकोणतीस. म्हणजे दहा जण दोन्हीकडे.
हे मला माहीत होतंच. तिची परीक्षा घेत होतो.
कुठेच न येणारा वॉचमन. 'गेटवर ड्यूटी' म्हणे. उद्धट.

बुधवार, १४.
फक्त माझे आठ, फक्त बाईंचे अकरा. मधले दहा सभागृह सोडून स्टोअररूममध्ये कशाला मरायला जातील? म्हणजे अठरा पक्के. शक्यता शंभर टक्के.
मुलगी म्हणाली, सगळ्यांचे गोपनीय अहवाल तुमच्या हातात. भीतीपोटी टिक केलेले किती?
हेडक्लार्कला केबिनमध्ये उभं करून विचारलं, मला घाबरता का? थरथरत 'नाही' म्हणाला. विषय संपला.

गुरुवार, १५.
मन मोठं केलं. सगळे अहवाल आजच सह्या करून वर पाठवले. उद्या लोक मोकळ्या मनाने येतील. बाईंना शेरा 'साधारण'. खोटं कशाला लिहा?

शुक्रवार, १६.
५.०० अठरा खुर्च्या. एकोणिसावी माझी, हारासकट. हार मीच आणला.
५.१५ कुणी नाही. घड्याळ पुढे असणार.
५.२५ सोबत आलेल्या बायकोला म्हटलं, जा, बोलावून आण.
५.४० ही तिकडेच केक खात बसली. भिंतीपलीकडून हिचं हसणं ऐकू येतंय. घरी कधी ऐकलं नव्हतं. केक चांगला असावा.
५.५० वॉचमन आला! कुठेच न येणारा माझ्याकडे आला! बसल्या बसल्या भाषण सुरू केलं. तो खुर्च्या एकावर एक रचत ऐकत होता. अठरा झाल्या, तेव्हा म्हणाला, साहेब, जरा उठता का, तिकडे अजून एक कमी पडतेय.
उठलो. भाषणाची तीन पानं राहिली होती.