वाघ आणि पहाड मावसभाऊ होते

अण्णा, त्या रविवारी नारायणगुड्याच्या मैदानात तुम्ही लाउडस्पीकरवर जे बोललात ते बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शेवटच्या वयापेक्षा आता मीच मोठी आहे. दिलसुखनगरला मुलाच्या घरी राहते. परवा नातवानं टीव्हीवर कुस्ती लावली होती. मी सहज म्हटलं, "हे सगळं आधी ठरलेलं असतं." तर तो म्हणाला, "ते सगळ्यांनाच माहीत असतं आजी, तरी मजा येते." आपल्या वेळी ते कुणाला माहीत होतं आणि कुणाला नव्हतं, याचाच मी विचार करत राहिले.

हैदराबादच्या कोठी भागात ज्याचं सायकलींचं दुकान होतं त्या सेठनं गणपतीच्या कार्यक्रमात तुमचा आवाज ऐकला आणि तो दुसऱ्याच दिवशी घरी आला. त्याला फ्री स्टाइल कुस्त्यांची कंपनी काढायची होती. मातीतली नाही, फळ्यांच्या मंचावर, दोर बांधून, तिकीट लावून. "बाबूजी, पहिलवान मेरे पास हैं, ज़बान नै है," असं म्हणाला. तुम्ही कचेरीत भाषांतरकार. मराठी, उर्दू, तेलुगू तिन्ही भाषा तुमच्या तोंडी सारख्याच सरळ. आई आतून म्हणाली, "सरकारी माणूस कुस्त्यांची दवंडी पिटणार म्हणायलात की काय?" तुम्ही साहेबांची परवानगी काढलीत, मोबदला घेणार नाही असं लिहून दिलंत आणि रविवारी दुपारी कोट चढवून मैदानावर जायला लागलात. मला बरोबर न्यायचात. निवेदकाच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसलेली बारा वर्षांची मी, त्या गर्दीतली एकटीच मुलगी.

पहिले काही रविवार रिकामेच गेले. मग सेठच्या डोक्यात ते आलं. तेव्हा शहरात दुसरा विषयच नव्हता. हैदराबाद राज्य मोडणार, मराठवाडा मुंबईकडे जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, उरलेलं आंध्राबरोबर. तुमच्या कचेरीत कोण कुठल्या भाषेचा याच्या याद्या चालल्या होत्या आणि त्या तुम्हीच करत होतात. एकदा जेवताना तुम्ही आईला विचारलंत, "ज्याची आई तेलुगू, बाप मराठी आणि जो स्वतः उर्दूत शिकला, त्याला कुठल्या रकान्यात घालू?" आई म्हणाली, "त्यालाच विचारा." तुम्ही म्हणालात, "विचारलं. तो रडायला लागला." आणि त्याच आठवड्यात सेठच्या सांगण्यावरून तुम्ही तीन लिप्यांत हस्तपत्रक लिहिलंत. मराठवाड्याचा वाघ विरुद्ध तेलंगणाचा पहाड. एकाच हातानं ही दोन कामं करताना तुम्हाला काही वाटत होतं का? मला तुमचा चेहरा आठवतो, पण त्यावर काय होतं ते आठवत नाही.

वाघ आणि पहाड मावसभाऊ होते. वरंगलकडच्या एकाच गावचे, एकाच तालमीत वाढलेले, मातीतले खरे पहिलवान. वाघाला मराठीचा गंध नव्हता. तुम्ही त्याला आपल्या स्वयंपाकघरात पाच मराठी वाक्यं शिकवायला बसवलंत. मी आत्ताही तो पाट बघते आहे, त्याच्या बुडाखाली दिसेनासा झालेला. तो छाती फुगवून म्हणतो, "माझा आई मला वाघ म्हणते!" आई चुलीपुढून वळून म्हणते, "माझी." तो पुन्हा म्हणतो, "माझी आई मला वाघ म्हणतो!" पहाड हसून हसून भिंतीला टेकतो. येताना त्यानं माझ्यासाठी सीताफळं आणलेली असतात. आई दोघांना भाकरी वाढते, एकाचं ताट संपलं की तो दुसऱ्याच्या ताटात हात घालतो. म्हणजे मला सगळं माहीत होतं. आणि तरी रविवारी तो मंचावर चढून ती पाच वाक्यं ओरडला की माझ्या अंगावर काटा यायचा. आपला माणूस, असं वाटायचं. हे कसं होतं ते मला तेव्हा समजलं नाही, आणि आता समजलं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मैदान भरायला लागलं. एका बाजूला मराठी माणसं, दुसऱ्या बाजूला तेलुगू, अशी आपोआप बसायला लागली. एका रविवारी वाघ जिंकायचा, पुढच्या रविवारी पहाड. सेठ कानडी पहिलवानाच्या शोधात होता. शाळेत माझ्या बाकावरची तेलुगू मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आणि मीही तिला का म्हणून विचारलं नाही.

त्या रविवारी वाघाची हरायची पाळी होती. पहाडानं त्याला उचलून आपटलं, पंचानं हात वर केला, आणि मराठी बाजूनं सोड्याची बाटली आली. ती पहाडाच्या भुवईवर फुटली. तो गुडघ्यावर बसला. त्याच्या चेहऱ्यावरून रक्त वाहायला लागल्यावर वाघ, जो अजून पडलेला असायला हवा होता, तो उठून त्याच्याकडे धावला आणि "अन्ना! अन्ना!" अशी तेलुगूत थोरल्या भावाला मारतात ती हाक मारत त्यानं स्वतःच्या हातानं ती जखम दाबून धरली. आणि मग तो तेलुगूत रडत काहीबाही बोलायला लागला. मग मराठी बाजूनं "फितूर! फितूर!" सुरू झालं, तेलुगू बाजूची माणसं बाटली कुणी मारली म्हणून बाकं ओलांडून यायला लागली, आणि सेठ तुमच्या कानात ओरडला, "बाबूजी, कुछ तो बी बोलो!"

तुम्ही बोललात. "थांबा. हे दोघे सख्खे मावसभाऊ आहेत. वाघ मराठी नाही. ही नुरा कुस्ती आहे, कोण पडणार ते आधी ठरतं. आज कोण पडणार हे मला सकाळीच माहीत होतं. ती पत्रकं मीच लिहिली." मग हेच उर्दूत सांगितलंत, मग तेलुगूत, एक शब्द न गाळता, कचेरीत भाषांतर करायचात तसं. माणसं जिथे होती तिथेच थांबली. कुणीतरी हसलं. कुणीतरी थुंकलं. आणि मग सगळे निघून गेले, दोन्ही बाजूंचे, एकमेकांत मिसळून, एकाच फाटकातून. मला ते दंग्यापेक्षा भयंकर वाटलं.

पुढच्या रविवारी मैदानात कुणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सेठनं फळ्या उतरवल्या. "आग बुझाने कू तुम घरच गिरा दिये, बाबूजी," एवढंच म्हणाला. तो रागावलाही नव्हता.

महिनाभरानं वाघ एकटाच सकाळी घरी आला. दार मी उघडलं. तो आत येईना. उंबऱ्याबाहेरूनच तुम्हाला म्हणाला, "बाबूजी, फ्री स्टाइल झूटी थी, ठीक. लेकिन हम झूटे नै थे. अब गाँव की मिट्टी में बी उतरे तो लोगां नूरा नूरा बोल के हँसते. पत्थर खा लेते थे ना हम." तुम्ही म्हणालात, "माणसं मेली असती." तो म्हणाला, "हौ. मरते थे शायद." आणि गेला. मी तुमच्यावर ओरडले, की गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला! तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "माझ्या जागी तू असतीस तर गप्प बसली असतीस?" मला वाटलं, तुम्ही रागावून बोलताय. आज वाटतं, तुम्ही खरंच विचारत होतात. त्यावर आई म्हणाली, "खोटं बोलायला त्यांना याच चुलीपुढे शिकवलंत, तेव्हा नाही वाटलं काही?"

याद्या पूर्ण झाल्या. तुमचं नाव मराठीच्या रकान्यात होतं, बरोबरचे सगळे औरंगाबादेकडे गेले. तुम्ही अर्ज करून इथेच राहिलात. ज्या कचेरीत मराठीचं कामच उरलं नव्हतं, तिथे निवृत्तीपर्यंत बसलात. का, ते तुम्ही सांगितलं नाहीत. आई म्हणायची, घरासाठी. मला तसं वाटत नव्हतं, पण दुसरं काय तेही सांगता येत नव्हतं.

तुम्ही गेल्यावर तेराव्याला पहाड आला होता. केस पिकलेले, भुवईत खाच. त्यानं सांगितलं की तुम्ही कित्येक वर्षं गावोगावच्या जत्रांच्या पंचांना पत्रं लिहीत होतात, तिन्ही भाषांत, की हे दोघे खरे पहिलवान आहेत, यांना मातीत उतरू द्या, दोष माझा आहे. मी विचारलं, "मग उतरू दिलं?" तो म्हणाला, "नै अम्मा. पढ़े बी नै होंगे किसी ने." मग म्हणाला, "लेकिन लिखते रहे." हे सांगताना तो तुमची तारीफ करत होता की कीव, मला कळलं नाही. वाघाबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

नातवाला मी हे कधीतरी सांगेन असं वाटतं. तुम्ही दंगा थांबवलात असं सांगू, की दोन माणसांची अब्रू घालवलीत असं सांगू? जे सांगायला घेते त्याच्या अर्ध्यावर दुसरं खरं वाटायला लागतं. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून हा कागद मी टेबलावर उघडा ठेवला तरी चालतो. त्यावर पत्ता तरी कुठला घालणार?

एक मात्र तुम्हाला कधीच बोलले नाही. त्या दिवशी घरी येताना तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "घाबरलीस?" मी हो म्हटलं. मी घाबरले नव्हते, अण्णा. वाघ पडला, आणि बाटली सुटायच्या आधी "फोडा त्याचं डोकं" म्हणून जी माणसं ओरडत होती, त्यांच्याबरोबर मीही ओरडत होते. तुमच्या शेजारीच बसून. लाउडस्पीकरच्या आवाजात तुम्हाला ते ऐकू गेलं नाही, असं मी धरून चालले आहे.